मापाचा बूट बनवून घेताना : आधी पाय, मग कातडे, शेवटी रंग

लग्नसराई किंवा ईद जवळ आली की कापडाच्या दुकानात गर्दी होते. सूटचे कापड पसंत करायला घरातली चार माणसे येतात. दहा तागे उघडले जातात, कापड दारात नेऊन उजेडात पाहिले जाते, टेलरकडे दोनदा माप दिले जाते. पण त्याच सूटखाली घालायचा बूट मात्र शेवटच्या दिवशी, दहा मिनिटांत, नंबर सांगून उचलला जातो. लग्नाच्या दिवशी तो चावतो, वर्षभरात त्याचा वरचा थर सोलून निघतो आणि मग दुसरा घ्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्यातील बाजारपेठांमध्ये मापाचे बूट बनवून देणारे चर्मकार कारागीर अजून आहेत. त्यांच्या हातात कला आहे. अडचण अशी की ग्राहकाला काय मागावे हेच ठाऊक नसते. तो दुकानात शिरताच रंग सांगतो, मग फोटो दाखवून आकार सांगतो आणि कातड्याबद्दल शेवटी फक्त “चांगले लावा” एवढेच म्हणतो. हा क्रम नेमका उलटा आहे. आधी पाय, मग आकार, मग कातडे आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवला तर पैसे वाया जात नाहीत. मुस्लिम ग्राहकासाठी यात आणखी एक मुद्दा आहे, तो म्हणजे बुटाचे अस्तर कोणत्या जनावराचे आहे हा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

माप : नंबर म्हणजे माप नव्हे

बाजारात चालणारा सहा, सात, आठ हा इंग्रजी नंबर केवळ लांबीचा असतो. एका नंबरात व दुसऱ्यात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. पायाची रुंदी आणि उंची त्यात येतच नाही. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने (स्थापना १९४८) २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मोजणी केली. भारतीयांचा पाय युरोपियनांपेक्षा रुंद असतो, असे त्यातून दिसून आले. त्यावरून भारतीय पायासाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धती तयार करण्यात आली. रुंदी पुरत नाही म्हणून आपले लोक एक नंबर मोठा बूट घेतात. मग पंजा मोकळा होतो, पण टाच निसटते आणि बूट दुमडण्याची जागाही चुकते. मापाचा बूट बनवून घेण्याचे खरे कारण हे आहे. शौक त्यानंतर.

माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभराच्या चालण्या-उभे राहण्याने पाय थोडा फुगतो. जे मोजे बुटात घालणार तेच घालून जावे. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिल सरळ उभी धरून कडा आखून घ्यावी. पेन्सिल तिरपी झाली की माप चुकते. त्यानंतर टेपने तीन घेर घ्यावेत : अंगठ्याच्या सांध्यावरून पंजाचा, पायाच्या मधल्या उंचवट्याचा आणि टाचेपासून घोट्याच्या वळणापर्यंतचा. दोन्ही पायांचे माप वेगळे घ्यावे. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो.

बूट ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पायावर चढवून बनवतात त्याला कारागीर फर्मा म्हणतात. प्रत्येक ग्राहकासाठी नवा फर्मा कोरणे परवडत नाही. म्हणून चांगला कारागीर जवळच्या नंबरचा फर्मा घेतो आणि जिथे पाय जाड आहे तिथे त्यावर कातड्याच्या पट्ट्या चिकटवून आपले माप तयार करतो. “फर्म्यावर पट्टी लावणार ना?” हा प्रश्न अवश्य विचारावा. माप घेऊनही नुसत्या तयार फर्म्यावर बूट ओढला तर तो रेडिमेडच झाला.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ही गोष्ट आधीच सांगावी. अशा पायाला चिमटा बसलेला कळत नाही आणि लहान जखम चिघळते. त्यांचा बूट पुढे रुंद, आत शिवण न टोचणारा असावा. पायाला बधिरपणा किंवा जखम असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आकार : पायाला शोभेल तो

बुटाचे टोक चार प्रकारचे असते : गोल, बदामी, चौकोनी आणि टोकदार. रुंद पंजाला गोल किंवा बदामी टोक उत्तम. टोकदार बूट हवाच असेल तर बोटांच्या पुढे जास्त लांबी सोडावी लागते, नाहीतर अंगठा आत वळतो. साध्या बुटातही सर्वांत लांब बोटापुढे एक बोटभर मोकळी जागा हवी. चौकोनी टोकाची फॅशन येते आणि जाते. पाच वर्षे वापरायच्या बुटासाठी बदामी टोक सर्वांत भरवशाचे.

आता बांधणी. नाडीच्या बुटाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही पट्ट्या खालून शिवलेल्या, बंद असतात. तो सूटवर सर्वांत रुबाबदार दिसतो, पण ज्याच्या पायाची पाठ उंच आहे त्याला आवळतो. डर्बीमध्ये पट्ट्या वरून मोकळ्या असतात आणि त्या कमी-जास्त करता येतात. आपल्याकडच्या रुंद, उंच पायाला डर्बी बहुधा जास्त सोयीचा.

ज्यांना दिवसातून अनेकदा वुजू करायचे असते, मस्जिदीत किंवा घरात बूट काढावा लागतो, त्यांना नाडीचा बूट त्रासाचा होतो. घाईत नाडी न सोडताच पाय घातला जातो आणि बुटाची टाच दबून जाते. एकदा टाच मोडली की महागडा बूटही चप्पल होतो. अशांनी बिननाडीचा लोफर किंवा बाजूला इलॅस्टिक असलेला बूट घ्यावा. मात्र लोफरला नाडी नसल्यामुळे मापातली चूक झाकता येत नाही, त्यामुळे मापाची जास्तीत जास्त गरज लोफरलाच आहे. नवा असताना तो थोडा घट्ट असावा, कारण कातडे पुढे सैल होते. खिशात किंवा दुकानात एक शूहॉर्न ठेवला तर टाच वर्षानुवर्षे टिकते.

कातडे : कापडासारखेच पारखावे

एका बुटाच्या जोडीला वरच्या भागासाठी साधारण अडीच-तीन चौरस फूट कातडे लागते. या मालाची पारख कापडासारखीच करावी लागते. जसे कापडाला उभा-आडवा धागा असतो, तसे कातड्यालाही ताण कमी आणि ताण जास्त अशा दिशा असतात. बुटाच्या लांबीकडे कमी ताणणारी बाजू यायला हवी, नाहीतर दोन महिन्यांत बूट लांबतो. जसा ताग्याचा शेवटचा मीटरभर तुकडा वेगळा निघतो, तसे कातड्याचे पोट आणि पाय सैल असतात, तर पाठ घट्ट असते. पुढचा भाग पाठीच्या कातड्याचा असावा आणि डाव्या-उजव्या बुटाचे पुढचे तुकडे शेजारी-शेजारी कापलेले असावेत. पोटाचे कातडे जिभेसाठी वापरले तर चालते.

जनावरानुसार फरक असा. बकरीचे कातडे पातळ, मऊ व बारीक दाण्याचे असते. ते उन्हाळ्याला चांगले आणि लोफरसाठी उत्तम. म्हशीचे कातडे जाड, मजबूत, मोठ्या छिद्रांचे. रोजच्या दणकट बुटाला ठीक. वासराचे कातडे गुळगुळीत आणि पॉलिशला सर्वांत चांगले, पण महाग. मेंढीचे कातडे मऊ असले तरी लवकर फाटते, ते अस्तरापुरतेच ठेवावे. राज्यात गोहत्येवर बंदी १९७६ च्या कायद्याने होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळूंनाही लागू झाली आणि राज्यातील कातड्याच्या बाजाराला त्याचा फटका बसला. बुटाचा पक्का माल आज कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूतील वाणियमबाडी, अंबूर, राणीपेट या गावांतून मुंबईच्या धारावीसारख्या बाजारात येतो आणि तिथून पुढे पसरतो.

वाणियमबाडी आणि अंबूर येथील टॅनरीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या प्रमाणात मुस्लिम व्यापाऱ्यांनी वाढवला आहे. या धंद्याशी आपला संबंध जुना आहे. अंदलुसमधील कुर्तुबा शहर १२३६ पर्यंत मुस्लिम राज्यात होते. तिथले कातडे युरोपात इतके नावाजलेले होते की ‘कॉर्डोव्हन’ हे कातड्याचे नाव आणि बूट बनवणाऱ्याला असलेला ‘कॉर्डवेनर’ हा जुना इंग्रजी शब्द, दोन्ही त्या शहराच्या नावावरूनच आले. बकरीच्या उत्तम कातड्याला आजही ‘मोरोक्को’ म्हणतात.

कातडे कमावण्याच्या दोन पद्धती आहेत. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांनी कमावलेले कातडे भरीव असते, घाम शोषते आणि पायाचा आकार धरते. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती अशाच कातड्याची. बुटात हे कातडे आतल्या तळव्याला असावे. दुसरी पद्धत क्रोमची. क्रोमचे कातडे मऊ, लवचीक आणि पाण्याला जास्त टिकणारे असते, म्हणून वरच्या भागाला तेच वापरतात. त्याची कापलेली कड पुष्कळदा निळसर-राखाडी दिसते.

आता खऱ्या-खोट्याची पारख. कातड्याच्या वरच्या मूळ थराचा माल सर्वांत टिकाऊ. काही मालाचा वरचा थर घासून, रंगाचा लेप देऊन, त्यावर दाणा छापलेला असतो. तो कातडेच असतो, पण दुय्यम. खालच्या फाडलेल्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला माल त्याहून कमी. आणि रेक्झिन तर कातडे नव्हेच. तुकडा हातात घेऊन दुमडावा. मूळ थरावर केसासारख्या बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर निघून जातात. लेपाच्या मालावर एकच जाड घडी उठते. मागची बाजू पाहावी, तिथे तंतू दिसले पाहिजेत, विणलेले कापड दिसता कामा नये. आम्ही कापडवाले धागा जाळून लोकर आणि पॉलिस्टर ओळखतो. तीच युक्ती इथे चालते. कारागिराकडून कातरण मागून जाळावे. कातडे जळाले की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. रेक्झिन वितळून त्याचा कडक गोळा होतो.

अस्तर : विचारल्याशिवाय घेऊ नये

रेडिमेड बुटात वरचा माल पाहता येतो, पण आतले अस्तर कशाचे आहे हे क्वचितच लिहिलेले असते. बुटाच्या अस्तराला जगभर डुकराचे कातडेही वापरले जाते, कारण ते स्वस्त असते आणि त्यातून हवा खेळते. मेलेल्या जनावराचे कातडेही कमावून वापरता येते, ही शिकवण हदीसमध्ये आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या आश्रित स्त्रीची बकरी मेली तेव्हा तिचे कातडे वाया का घालवले, असे पैगंबर (स.) यांनी विचारले होते. हनफी मसलकात कमावल्याने जनावराचे कातडे पाक होते, मात्र डुकराचे होत नाही. शाफई मसलकात त्याच्याबरोबर कुत्र्याचे कातडेही वर्ज्य आहे. म्हणजे डुकराच्या कातड्याबद्दल दोन्हीकडे एकच हुकूम आहे. तपशिलात शंका असेल तर आपल्या उलमांना विचारावे.

ओळख अशी : डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटात, त्रिकोणासारखी असतात आणि ती बहुधा आरपार गेलेली असतात. बकरीच्या कातड्यावर छिद्रांच्या वळणदार रांगा दिसतात. पण अस्तर घासलेले किंवा दाणा छापलेले असेल तर ही खूण मिटते, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये. मापाच्या बुटाचा मोठा फायदा इथेच आहे. शिवण्याआधी अस्तराचा तुकडा हातात घेता येतो, “बकरीचेच लावा” असे सांगता येते आणि ते पावतीवर लिहून घेता येते. फोम-रेक्झिनचे अस्तर स्वस्त पडते, पण यवतमाळच्या मे महिन्यात त्यात पाय शिजतो. बकरीच्या अस्तराला लागणारे जास्तीचे पैसे पहिल्याच उन्हाळ्यात वसूल होतात.

तळवा : आपल्या मातीचा विचार

पूर्ण कातड्याचा सोल दिसायला देखणा असतो, पण पावसाळ्यात आपली काळी माती त्याला चिकटते आणि ओला सोल लवकर झिजतो. आतला तळवा कातड्याचा आणि बाहेरचा सोल रबराचा, ही जोडणी आपल्या भागाला योग्य. सोल शिवलेला असावा. नुसता चिकटवलेला सोल उन्हाने सुटतो. शिवलेला बूट उकलून नवा सोल लावता येतो. हिशेबच मांडू. समजा, बाराशे रुपयांचा बूट दरवर्षी घेतला तर पाच वर्षांत सहा हजार गेले. चार हजारांचा शिवलेला बूट घेऊन मध्ये नऊशे रुपयांचा सोल बदलला तर चार हजार नऊशे. अकराशे वाचले आणि पाचही वर्षे पाय सुखी राहिला.

रंग : शेवटी, पण घाईने नव्हे

रंग निवडायला जाताना पँटच्या किंवा शेरवानीच्या कापडाची कातरण खिशात न्यावी. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नये. तपकिरी रंग दुकानात एक दिसतो आणि उन्हात दुसरा. कातडे दारात नेऊन, कापडाशेजारी धरून पाहावे.

एकच जोड घ्यायची असेल तर काळा. काळ्या, राखाडी आणि गडद निळ्या सूटला तो चालतो, शोकाच्या आणि आनंदाच्या दोन्ही प्रसंगी शोभतो. दुसरी जोड गडद तपकिरी असावी. ती निळ्या, खाकी, क्रीम, शेवाळी कपड्यांवर खुलते, मात्र काळ्या पँटवर जमत नाही. लालसर तपकिरी, ज्याला दुकानदार चेरी किंवा वाइन म्हणतात, तो राखाडी आणि निळ्यावर छान दिसतो. फिकट टॅन रंगावर पाण्याचा प्रत्येक डाग उठतो आणि ऊन-पॉलिशने तो गडद होत जातो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा फिकट निवडावा. क्रीम शेरवानीला टॅन किंवा सोनेरी काठाची सलीमशाही, काळ्या शेरवानीला काळा लोफर. पट्टा बुटाच्या रंगाचा असावा, त्यासाठी त्याच कातड्याचा पट्टा कारागिराकडूनच करून घ्यावा.

चकचकीत आरशासारखे कातडे लग्नाच्या फोटोत झकास दिसते, पण त्याच्यावर लेप असतो आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. मखमलीसारखे सुएड काळ्या चिखलाच्या गावाचे नव्हे. रंग पक्का आहे का हे पाहायला पांढरे ओले फडके घासावे. काळ्याला थोडा डाग येतो, पण फडके काळेभोर झाले तर तो रंग मोज्यांवर उतरणार.

सौदा : लेखी आणि इमानाचा

ऑर्डर देताना पावतीवर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : वरचे कातडे कोणत्या जनावराचे, अस्तर कशाचे, सोल शिवलेला की चिकटवलेला, अर्धवट शिवल्यावर पायात घालून पाहायची तारीख आणि तयार देण्याची तारीख. लग्न असेल तर किमान महिनाभर आधी ऑर्डर द्यावी. कराबाबतही माहिती असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यावरील किमतीला १८ टक्के जीएसटी आहे. मात्र वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानदाराला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याने कर वेगळा लावता कामा नये.

कातड्यात ऐब असतोच. काट्याचा ओरखडा, गोचिडीची खूण, जुनी जखम. लहानसा डाग टाचेच्या आतल्या बाजूला गेला तर बुटाचे काही बिघडत नाही, पण तो रंगाखाली लपवून पहिल्या दर्जाची किंमत घेणे हा दगा झाला. पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले. हा नियम धान्याइतकाच कातड्याला आणि कापडालाही लागू आहे.

दुसरी बाजू ग्राहकाची. गावातल्या कारागिराजवळ चार प्रकारची कातडी भरून ठेवण्याइतके भांडवल नसते. म्हणून तो हाताशी असलेला हलका माल दाखवतो आणि ग्राहक “इथे चांगले मिळत नाही” म्हणत नागपूर गाठतो. कातड्याच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ दिली तर तो चांगला माल मागवू शकतो. ठरलेली मजुरी मात्र बूट हातात पडताच द्यावी, ईदनंतर बघू असे म्हणू नये. चर्मकार समाजासाठी राज्य सरकारने १९७४ मध्ये स्थापन केलेले महामंडळ, आज ज्याला संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणतात, कर्ज योजना चालवते. पण नियमित गिऱ्हाइकाची जागा कर्ज घेऊ शकत नाही. आपल्या मुलांनीही या धंद्याकडे पाहावे. आग्रा आणि चेन्नई येथे केंद्र सरकारच्या पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत. टेलरिंग येणाऱ्या मुलाला बुटाच्या वरच्या भागाची शिलाई शिकायला फार वेळ लागत नाही.

शेवटी काळजी. एकच बूट रोज घालू नये, एक दिवस आड ठेवावा म्हणजे घाम सुकतो. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा. ऊन आणि चूल ही कातड्याची दुश्मन आहेत. आठवड्यातून एकदा धूळ पुसून पॉलिश, आणि पावसाळ्यापूर्वी शिवणीवर थोडे मेण. एवढे केले तर चांगल्या कातड्याचा, पायाच्या मापाचा बूट आपल्या दोन-तीन सूटांना सहज पुरून उरतो.